भावकीचा निधी



भावकी म्हटले की आपल्यापुढे बांधावरची भांडणे उभी राहतात. पण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा भाकरी घेऊन येते तीही भावकीच. पेरणीला सावड, लग्नात आहेर, आजारपणात हातउसने पैसे, हा आपला जुना विमाच होता. त्याची वही नव्हती, पण विसर कोणालाच पडत नसे. आज काही घराण्यांतील तरुण विचारतात, या मदतीचा रीतसर कुलनिधी करावा काय? उत्तरासाठी थोडे मागे वळून पाहू.

बडोद्यास ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने काही मराठी मध्यमवर्गीय मंडळींनी ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन केली. सहकारी पतसंस्थांचा कायदा हिंदुस्थानात आला तो १९०४ साली, म्हणजे पंधरा वर्षांनी. पुढे विसाव्या शतकात कोकणातून आलेल्या अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले, कुलमंडळे काढली आणि विद्यार्थ्यांसाठी, अडलेल्या कुटुंबांसाठी निधी जमविले. या निधींचे बळ कशात होते? माझ्या मते, घराणे एक असले तरी माणसे विखुरलेली होती, यात. कोणी पुण्यास कारकून, कोणी नागपुरास मास्तर, कोणी गावी शेतीवर. एकाला वाईट दिवस आले तरी दुसऱ्याचा पगार चालू राही.

मुंबईच्या गिरणगावात निराळा प्रकार होता. एका गावचे लोक चाळीत खोली घेत, दरमहा वर्गणी काढीत, नव्या पोराला नोकरी लागेपर्यंत सांभाळीत. व्यवस्था उत्तम होती. पण १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. जिथे खोलीतले सारेच गिरणीत, तिथे वर्गणी देणारा कोण आणि मदत मागणारा कोण? पुष्कळांना गावची वाट धरावी लागली.

आपल्या बीड जिल्ह्याची गोष्ट याच जातीची आहे. १९७२ च्या दुष्काळात एका शिवारातल्या भावकीच्या विहिरी एकदमच आटल्या आणि खडी फोडायला चुलते-पुतणे एकाच रांगेत बसले. ऊसतोडीचेही तसेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळी भावकी एकदम निघते. नवराबायको मिळून एक कोयता. निघण्याआधी घरखर्चाला, औषधाला, लग्नाच्या देण्याला पैसा हवा असतो, आणि तो प्रत्येकाला त्याच आठवड्यात हवा असतो. भाऊ भावाला काय देणार? म्हणून मुकादमाची उचल घ्यावी लागते, आणि उचल घेतली की हंगामभर मान त्याच्या हाती.

तेव्हा निधीचा पहिला नियम मी असा सांगेन: निधीचा परीघ संकटाच्या परिघाहून मोठा हवा. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यातून मंडळे आली. मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार मिळायचा. टोळीने आपापसांत कितीही वर्गणी काढली असती तरी हे जमले नसते. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठीही २०२१ साली तोच मार्ग ठरला: गाळपाच्या दर टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तितकेच शासनाने.

मग कुलनिधी काढू नये काय? अवश्य काढावा. मात्र त्यात गावाबाहेरचे घ्या. पुण्याला नोकरी करणारा पुतण्या घ्या, एस.टी.तला, शाळेतला घ्या, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीही घ्या. त्या परक्या घरच्या म्हणून वगळल्यात, तर दुष्काळ नसलेल्या गावची मदत आपणच दाराबाहेर ठेवाल. वर्गणी थोडी पण नेमाने काढा. वही एकाच्या घरी राहिली तरी वाचन सर्वांसमोर व्हावे. कुलदैवताच्या यात्रेला सगळे जमतातच, तिथे जमाखर्च मोठ्याने वाचा. अशा निधीने पोराची फी भागेल, दवाखान्याचा पहिला दिवस निभेल.

उचलीचे ओझे मात्र त्याने फिटणार नाही. त्यासाठी ज्याच्या गव्हाणीत आपला ऊस पडतो, त्याच्याकडूनच हिस्सा मागितला पाहिजे, आणि ते काम एका आडनावाचे नाही. तिथे सर्व आडनावांच्या कोयत्यांनी मिळूनच बसावे लागेल.