वेठीचं कूळ

फुटलेल्या धरणांबद्दल वाचायला बसलं की सुरुवात पानशेतपासूनच होते. १२ जुलै १९६१, आंबी नदीवरचं मातीचं धरण, पाठोपाठ खडकवासला, मग पुणं. हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच ओघात मी गिरनारच्या पायथ्याशी पोहोचलो आणि तिथे, फुटलेल्या एका बांधातच, आपल्या ‘वेठी’चा मूळपुरुष सापडला.

जुनागढच्या ज्या खडकावर अशोकाचे लेख आहेत, त्यावरच महाक्षत्रप रुद्रदामनचा संस्कृत लेख आहे. इसवी सन १५०च्या सुमारास वादळी पावसात सुदर्शन तलावाचा बांध फुटला. खिंडार ४२० हात लांब, तेवढंच रुंद, ७५ हात खोल. ते पाहून मंत्र्यांनी हात वर केले आणि प्रजा हवालदिल झाली. शेवटी सुविशाख नावाच्या पह्लव अमात्याने बांध पहिल्यापेक्षा भक्कम करून दिला. यात राजा मिरवतो कशाबद्दल? तर खर्च आपल्या खजिन्यातून केला. कर, विष्टी आणि प्रणय यांचा लोकांना जाच दिला नाही. प्रणय म्हणजे ‘प्रेमाने’ उकळलेली जादा पट्टी (नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी!) आणि विष्टी म्हणजे फुकट राबवणं. ते केलं नाही हे खडकावर कोरावंसं वाटलं, यावरून एरवी काय चालत असेल ते कळतंच.

मुष्टीची मूठ झाली, दृष्टीची दीठ झाली, तशी विष्टीची वेठ झाली. ‘वि’चा ‘वे’ कसा, असं कुणी अडवलं तर बिल्वाचा बेल पाहावा. गुजरातीत वेठच आहे, कन्नडात बिट्टी, तेलुगूत वेट्टी. यावरून हा शब्द मूळचा द्राविडी, संस्कृतने तो उचलला, असाही एक पक्ष मांडता येतो. मला तो पटत नाही. प्राकृतातला ‘ट्ठ’ दक्षिणेत गेला की तिथल्या वळणाने त्याचा ‘ट्ट’ होणं सोपं. पण नुसत्या ‘ट्ट’मधून संस्कृतचा ‘ष्ट’ आणि आपला ‘ठ’ काढायचा तर बरीच कसरत करावी लागते. दुसरा दावेदार ‘वेष्ट’ म्हणजे गुंडाळणं. ओझ्याखाली डोक्याला गुंडाळलेल्या फडक्यावरून वेठ, अशी कथा छान रचता येईल, पण वेष्टाने मराठीला वेढा आणि वेढणं आधीच दिलंय. पंचांगातही विष्टी आहे, भद्रा म्हणतात ते करण. त्यात शुभकार्य करत नाहीत. नामसाम्य योगायोगाचं असेलही, पण वेठीला मुहूर्त कोण बघणार!

बिगार मात्र फारसी. ‘बे’ आणि ‘कार’ जोडून ती बनवणारे विसरतात की त्या जोडीचा ‘बेकार’ वेगळा नांदतोय. इनामपत्रांत माफ केलेल्या बाबींमध्ये वेठबेगार असे: धनदौलतीसारखी एकाच अर्थाची जोडी, अर्धी संस्कृतातून, अर्धी दरबारातून आलेली. तोरणा-राजगडाच्या मावळात तर ही जोडी घाम गाळूनच रुळली असणार. गडावर गवत, लाकूडफाटा चढवायचा म्हटल्यावर पायथ्याच्या गावांशिवाय दुसरं कोण हाताशी होतं?

पुढे दोघींच्या वाटा फुटल्या. वेठ वाक्प्रचारात गेली. आता संपवाले जनतेला वेठीस धरतात. अर्थाची अशी घसरण इंग्रजीतही दिसते: थ्रॉल म्हणजे गुलाम, शब्द नॉर्स लोकांकडून आलेला; त्यातून निघालेला एन्थ्रॉल्ड आज गाण्यावर लुब्ध झालेल्या श्रोत्याला लावतात. बेगार थेट राज्यघटनेत पोहोचली: अनुच्छेद २३च्या इंग्रजी मजकुरातही तोच शब्द ठेवलाय. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६चा.

बिगारीची गंमत याहून मोठी. खडकवासल्याकडून पानशेतला जाताना फार्महाउसांची बांधकामं लागतात. तिथे गवंडी विटा लावतो, बिगारी घमेलं उचलतो, वाळू चाळतो, माल कालवतो. ज्याच्या नावातच फुकट राबणं आहे तो आज रोजावर येतो, आणि हजेरीचे पैसे संध्याकाळी हातात पडले नाहीत तर मुकादमाची खैर नसते.