जिमखान्याचे दत्तकविधान

सकाळी सहाला जिममध्ये जाणारा माणूस बूट, मोजे, टी-शर्ट, मनगटाला पट्टा अशा जय्यत तयारीने घराबाहेर पडतो. ज्या शब्दाच्या दारात तो शिरतो त्याचा मूळ अर्थ मात्र 'नागवे होण्याची जागा' असा आहे. ग्रीकमध्ये 'गुम्नोस' म्हणजे नागडा. त्यावरून 'गुम्नाझेइन' म्हणजे कपडे काढून व्यायाम करणे, आणि तो जिथे करायचा ते 'गुम्नासिऑन'. लॅटिनमार्गे इंग्रजीत आल्यावर त्याचे जिम्नॅशियम झाले, आणि आळसाने शेपूट तोडल्यावर जिम. इथवरची गोष्ट कोणताही बरा इंग्रजी कोश सांगतो. मला चाळा लागला तो पुढच्या एका ओळीने: हा गुम्नोस आणि आपला नागडा हे एकाच घरातले आहेत.

संस्कृत 'नग्न', प्राकृत 'णग्ग' आणि त्याला 'डा' चिकटून मराठी 'नागडा'. लुटणे या अर्थाचे आपले 'नागवणे'ही त्याच घरचे. बाहेरच्या शाखा पाहाव्यात तर लॅटिन 'नूदुस', रशियन 'नागोय', लिथुआनियन 'नुओगास', इंग्रजी 'नेकेड'. सगळ्यांच्या तोंडी पहिला वर्ण 'न'. एक ग्रीक तेवढा 'ग'ने सुरू होतो. सगळी भावंडे एका तोंडवळ्याची आणि एकाचाच चेहरा वेगळा, तेव्हा शेजारीपाजारी कुजबुज व्हायचीच. ती भाषाशास्त्रज्ञांतही झाली.

एक पक्ष म्हणतो, वर्णांची अदलाबदल झाली असेल. आपल्याकडे 'नुकसान'चे 'नुस्कान' होते. जिभेला एक क्रम अवघड जातो, ती दुसरा लावून घेते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे जास्त रसाळ आहे. नागडेपणा हा उघड उच्चारायचा विषय नव्हे, म्हणून शब्द मुद्दाम बिघडवला. बांगडी फुटली तरी आपण 'वाढली' म्हणतो. अशुभ किंवा लाजिरवाणे तोंडाने घ्यायचे नाही, ही रीत सगळ्या जगात आहे. मी या दुसऱ्या पक्षाचा. कारण असा बिघाड एकट्या ग्रीकमध्ये झालेला नाही. इराणच्या जुन्या अवेस्तेत नागड्याला 'मग्न' म्हणतात. तिथेही पहिल्या 'न'चाच बळी गेला. दोन दूरच्या शाखांत एकाच शब्दाचे एकाच जागी वाकडे व्हावे, तर ती नुसती जिभेची घसरण नसावी. त्यामागे लाज असावी.

आणि लाज असावी म्हणावे, तर ग्रीकांनी तीच गोष्ट भर मैदानात केली! ऑलिंपियाच्या शर्यतीत पहिल्यांदा कोण नागडा धावला, यावर त्यांच्यातही एकमत नव्हते. मेगारा गावचे लोक ऑर्सिप्पोसचे नाव घेत. ख्रिस्तपूर्व ७२० मध्ये धावताना त्याचा लंगोट सुटला आणि तो पहिला आला. पौसानियास या प्रवासवर्णनकाराला वाटे की त्याने तो मुद्दाम सोडला. स्पार्टाचे लोक आपल्या अकांथोसचे नाव पुढे करत. थुकिडिडिस हा इतिहासकार तर सांगतो की ही चाल फार जुनी नाही, आणि आशियातले रानटी लोक अजूनही कुस्तीला कमरेला पट्टा बांधूनच उतरतात. त्या पट्ट्याला आपण लंगोट म्हणतो, आणि अडीच हजार वर्षांत आपल्या तालमीने तो सोडलेला नाही.

तालमीचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. अथेन्समध्ये तीन नामांकित गुम्नासिऑन होती: अकादेमिया, लिकिऑन आणि किनोसार्गेस. तरुण तिथे अंगाला ऑलिव्हचे तेल चोळत, त्यावर धूळ घेत, कुस्ती खेळत आणि शेवटी तेल, घाम, धूळ यांचा थर धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढत. तरुण पोरे जमतात तिथे बोलघेवडी माणसेही जमतात. प्लेटोने अकादेमियाजवळ शिष्य जमवले, ॲरिस्टॉटलने लिकिऑनमध्ये. हळूहळू गुम्नासिऑन ही शिकण्याची जागा झाली. युरोपात ग्रीकचे वेड परतले तेव्हा जर्मन भाषकांनी हा दुसरा अर्थ उचलला. योहान्नेस स्टुर्मने १५३८ मध्ये स्ट्रासबुर्गला काढलेल्या शाळेचे नाव गिम्नाझियुम. आजही जर्मनीत मुलगी गिम्नाझियुमला जाते याचा अर्थ ती वजने उचलत नाही, विद्यापीठात जायच्या तयारीची शाळा शिकते.

आता याच्या नेमका उलटा प्रवास पाहा. अरबीत 'तालीम' म्हणजे शिकवणे, विद्या देणे. हिंदी-उर्दूत आजही शिक्षणाला तालीम म्हणतात. हा शब्द मराठीत आला आणि थेट हौद्यात उतरला. कोल्हापूरची गंगावेश तालीम घ्या की मोतीबाग तालीम, तिथे फळा नसतो. तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मळलेली लाल माती असते. ग्रीकांचा आखाडा जर्मनांकडे जाऊन शाळा झाला, अरबांची शाळा आपल्याकडे येऊन आखाडा झाली. यात मी कोणताही गूढ अर्थ काढत नाही, पण शरीर कमावणे आणि विद्या कमावणे या दोन गोष्टी पूर्वीच्या माणसाला आपल्याइतक्या लांब वाटत नसाव्यात, एवढे म्हणायला हरकत नाही.

गुम्नोस हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तो मात्र व्यायामासाठी नव्हे. ख्रिस्तपूर्व ३२६ मध्ये अलेक्झांडर तक्षशिलेला पोहोचला. शहराबाहेर नागडे तपस्वी बसतात हे ऐकून त्याने ओनेसिक्रितोसला पाठवले. हा डायोजेनिसचा शिष्य, म्हणजे विरक्तीचे धडे घेतलेला. भूगोलकार स्ट्रॅबोने त्याचीच हकिकत दिली आहे. पंधरा जण होते. कोणी उभा, कोणी बसलेला, कोणी आडवा, जो तो आपल्या आसनात संध्याकाळपर्यंत निश्चल. त्यांच्यातला कालानोस नावाचा एक जण तापलेल्या दगडांवर पडला होता. पाहुण्याचा झगा, रुंद काठाची टोपी आणि बूट पाहून तो हसला. ऐकायचे असेल तर कपडे काढ आणि याच दगडांवर येऊन पड, असे त्याने बजावले. नागड्याने पळणे ही आपली खास मिरास समजणाऱ्या ग्रीकाला कपडे काढायला सांगणारा हा पहिला हिंदी माणूस! ओनेसिक्रितोस घुटमळला. तेव्हा मंदानिस नावाच्या थोरल्या तपस्व्याने कालानोसला झापले आणि पाहुण्याशी बोलणे सुरू केले, तेही मध्ये तीन दुभाषे ठेवून. मंदानिस म्हणाला, भाषेपलीकडे काही न कळणाऱ्या दुभाष्यांमार्फत तत्त्वज्ञान समजावणे म्हणजे चिखलातून पाणी स्वच्छ वाहावे अशी अपेक्षा करण्यासारखे आहे.

ग्रीकांनी या मंडळींना 'गुम्नोसोफिस्ताइ' म्हटले, नागडे ज्ञानी. ते कोण होते यावर वाद आहे. कोणी दिगंबर जैन म्हणतो, कोणी आजीवक, कोणी ब्राह्मण संन्यासी. ऋषीचे कूळ विचारू नये म्हणतात, पण मला राहवत नाही. कालानोसने पुढे इराणात आजारी पडल्यावर स्वतःहून चिता रचवून घेतली. अग्निप्रवेश जैन आचाराला धरून नाही, म्हणून तो तरी दिगंबर नसावा. त्याच्या नावाचीही गंमत आहे. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की खरे नाव स्फिनेस. भेटेल त्याला तो 'काले' म्हणून अभिवादन करी म्हणून ग्रीकांनी कालानोस केले. त्या 'काले'मागे 'कल्याण' असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

शास्त्रज्ञांनी केलेला गुम्नोसचा वापर दोन ओळींत सांगतो. ज्यांचे बी फळात झाकलेले नसते ती चीड आणि सायकसची जात म्हणजे जिम्नोस्पर्म, आपल्या पाठ्यपुस्तकांतली अनावृतबीजी. सह्याद्रीत पावसाळ्यात मातीखाली सापडणारे, पाय नसलेले उभयचर देवगांडूळ ज्या गणात येते त्याचे नाव जिम्नोफिओना, म्हणजे नागडे साप. आणि ज्याचे पान चघळल्यावर साखर मातीसारखी लागते तो आपला गुडमार म्हणजे जिम्नेमा, नागडा धागा.

आता मूळ प्रकरण: जिमखाना. मुंबईत बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पारशी जिमखाना १८८५ चा, पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ चा. भारतातली पहिली कसोटी १९३३ साली बॉम्बे जिमखान्यावरच झाली. कॉलेजात जिमखान्याची फी प्रत्येकाने भरली आहे, मग कॅरमला हात लावला असो वा नसो. हा शब्द आपल्याला घरचा वाटतो. पण यातला 'जिम' ग्रीकच आहे का?

यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाचे मत असे: शब्द अगदी अलीकडचा आहे, पहिला माग १८६१ मध्ये रुडकीला लागतो, पण तो घडवला गेला बहुधा मुंबई इलाख्यात, आणि त्याच्या तळाशी 'गेंदखाना' असावा. साहेबांच्या रॅकेट खेळायच्या जागेला हिंदुस्थानीत गेंदखाना म्हणत. 'गेंद'चा 'जिम' झाला तो जिम्नॅस्टिक्सच्या ओढीने.

या मताविरुद्ध सरळसोट पक्ष असा की गेंद मध्ये आणायचे कारणच काय? 'खाना' हा प्रत्यय कशालाही लागतो. दवाखाना, छापखाना, कारखाना, तोफखाना, पीलखाना. तसाच जिमला खाना लावला, झाला जिमखाना. दिसायला हे सोपे आहे, आणि मुंबईच्या बाजूने एक पुरावाही देते. मुंबई इलाख्यातल्या मराठी माणसाचा खेळायचा तो चेंडू. 'गेंद' त्याच्या तोंडी असतो तो फुलांचा. मग मुंबईत शब्द घडला असेल तर त्यात गेंद कुठून आला?

पण इथेच हा पक्ष अडचणीत येतो. १८६१ मध्ये नुसता 'जिम' हा शब्द होता का? इंग्रजीत हे तोकडे रूप छापलेले सापडते ते १८७० च्या दशकात. जो शब्द सुटा चलनातच नाही त्याला खाना कोण जोडणार? जिम्नॅस्टिक्सचे वारे मात्र तेव्हा जोरात होते. १८६० मध्येच ब्रिटिश लष्कराने मेजर हॅमर्सली आणि बारा शिपाईगड्यांना ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लॅरेनच्या हाताखाली कसरत शिकायला पाठवले आणि मग पलटणींत व्यायामशाळांचे पर्व सुरू झाले. वर्षभरात रुडकीला जिमखाना निघतो. हा योगायोग मी मानत नाही.

आणि रुडकी कुठे आहे? गंगेच्या कालव्यावर, जिथे चेंडूला गेंद म्हणतात त्या मुलखात. तिथे सॅपर्सची छावणी होती आणि १८४७ पासून इंजिनिअरिंग कॉलेज, ज्याला पुढे थॉमसन साहेबाचे नाव मिळाले. म्हणजे लिखापढी करणाऱ्या गोऱ्यांचे गाव. आता माझी अटकळ. बदल कानावर झाला नाही, कागदावर झाला. रोमन लिपीत 'गेंद' लिहिला की पहिले अक्षर तेच येते ज्याने जिम्नॅस्टिक्स सुरू होते, आणि पुढे 'ए' आला की नव्याने उतरलेला इंग्रज ते 'जें' वाचणार. हुकमाच्या कागदावर 'जेंदखाना' वाचणाऱ्याच्या डोक्यात नुकतीच शिकलेली कसरत घोळत असेल, तर 'जें'चा 'जिम' व्हायला कितीसा वेळ? शिपाई वाचत नसत, ऐकत असत, असा आक्षेप येईल. पण क्लबाच्या नोटिसा शिपायांसाठी नसतातच.

परक्या शब्दाला ओळखीचा चेहरा देण्याची साहेबाची सवय त्या कोशाच्या नावातच आहे. मोहरमच्या 'या हसन, या हुसेन'चे गोऱ्या शिपायांनी हॉब्सन-जॉब्सन केले. आपणही कमी नव्हतो. पहारेकऱ्याच्या 'हू कम्स देअर'चा आपण 'हुकूमदार' केला.

तेव्हा माझा निवाडा मुंबईच्या विरुद्ध जातो. शब्द जन्मला उत्तरेत, गेंदच्या पोटी. मुंबईने त्याला पैसा, मैदान आणि नाव दिले. ग्रीक घराण्याशी त्याचे रक्ताचे नाते नाही, तो तिथे दत्तक गेला. पण दत्तकालाही वारसा मिळतोच. डेक्कन जिमखान्यावरच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यातली पोरे दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० मध्ये फडेप्पा चौगुल्यांसारखे धावपटू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. गेंदच्या पोराने ग्रीकांच्या शर्यतीत पाय ठेवला तो असा.

इंग्रजीत मात्र शब्द आणखी भरकटला. छावण्यांतून तो घोड्यांच्या खेळांना चिकटला आणि तसाच मायदेशी गेला. इंग्लंडच्या खेड्यात आज जिमखाना म्हणजे लहान मुलांच्या तट्टांच्या शर्यती. तिथे चेंडूला महत्त्व नसते, आणि कपडे तर कोणीच काढत नाही.