सांजेचा धूप

हिंगोलीहून वाशीमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. नावातील ‘नाका’ हा शब्द एका गतकालीन सीमेची आठवण करून देतो. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. तेव्हापासून वाशीमकडील मुलूख इंग्रजी अमलाखाली, तर हिंगोलीकडील निजामाच्या राज्यात राहिला. संस्थानची जकात निराळी, नाणे निराळे. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ साली मराठवाडा व विदर्भ एका राज्यात आले. ती सीमा मालाला अडवीत असे. दिवेलागणीच्या धुपास मात्र ती कधी अडवू शकली नाही. त्या सुगंधाविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

माझ्या बालपणी आजी चुलीतील निखारे धुपाटण्यात घेऊन त्यांवर ऊद टाकीत असे. धूर प्रथम डोळ्यांस झोंबे. मग त्यातून गोडसर, किंचित कडवट असा वास उलगडे आणि घोंगड्यांत रात्रभर राही. मोगऱ्याचे अत्तर मनास उल्हसित करते. धूप त्यास स्थिर करतो. सांजवेळी वारा पडतो, जमिनीलगतची हवा थंडावते, म्हणून धूरही चटकन वर न जाता अंगणात रेंगाळतो. दिवसाची गडबड तेवढ्यापुरती थांबे, आणि रागावलेले माणूसही आवाज खाली आणी.

हा सुगंध फार जुना आहे. इंग्रजीतील ‘परफ्यूम’ या शब्दाचे मूळ ‘धुरातून’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांत आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने आपल्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणास स्वतंत्र अध्याय दिला. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त धूप हा राजाच्या उपभोगांपैकी एक मानिला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ नावाचा ग्रंथ विद्वानांच्या नजरेस आणिला. त्यावर चक्क मराठी टीका आहे. म्हणजे हे शास्त्र केवळ राजवाड्यात व संस्कृतात कोंडलेले नव्हते.

आता धुपाटण्यातील द्रव्यांकडे पाहा. ऊद येतो सुमात्रा बेटाकडून. अरब व्यापारी त्यास ‘जावी लोबान’ म्हणत, आणि त्याच नावाचा अपभ्रंश होऊन युरोपात ‘बेंझोइन’ झाले. गुग्गुळ कच्छ-राजस्थानच्या रुक्ष भूमीतला. साळई आपल्याच कोरड्या डोंगरांवर वाढते. अरबस्तानातील लोबानाचे झाड तिचे जवळचे भावंड होय. देवघरात धूप जळतो, दर्ग्यात लोबान, ख्रिस्ती मंदिरातही त्याच जातीची राळ. ज्या मुलखाने १९४८ पूर्वीचे कठीण दिवस पाहिले, तेथे शेजाऱ्याच्या घरचा वास परका न वाटणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु एक ध्यानी घ्यावे. हा चीक झाड आपण होऊन देत नाही. सालीवर घाव पडला की तो जखम बुजविण्यासाठी पाझरतो. माफक घाव झाड सोसते. लोभाने वारंवार घातलेले घाव सोसत नाही. गुग्गुळाचे झाड आज अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींत गणले जाते, त्याचे एक मोठे कारण हेच. शिवाय कोंडलेल्या खोलीतील धूर छातीस अपायकारक, हेही आता सर्वांस ठाऊक आहे.

म्हणून माझी विनंती इतकीच: धूप थोडा घालावा, खिडकी उघडी ठेवावी. आजी चिमूटभरच ऊद टाकी. आम्ही मुले आणखी मागत असू, तेव्हा ती डबीचे झाकण लावी. त्या चिमटीने सारे घर भरून जाई.