दाते आडनावाची जपानी पोरगी : २६ व्या वर्षी निवृत्त झाली, ३७ व्या वर्षी परत आली आणि ४२ व्या वर्षी पुण्यात फायनल खेळून गेली

नोव्हेंबर २०१२. पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडीतलं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. रॉयल इंडियन ओपन या स्पर्धेची महिला एकेरीची फायनल सुरू आहे. नेटच्या एका बाजूला युक्रेनची एलिना स्विटोलिना, वय १८. दुसऱ्या बाजूला जपानची किमिको दाते-क्रुम, वय ४२. म्हणजे स्विटोलिना जन्मली तेव्हा समोरची बाई जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत होती.

स्विटोलिनाने तो सामना ६-२, ६-३ असा जिंकला. पण आपली आजची गोष्ट हरलेल्या बाईची आहे.

आधी आडनावाचं बघू. इंग्रजीत ते असं लिहितात की वाचणाऱ्याला 'डेट' वाटतं. जपानी उच्चार मात्र सरळ 'दाते'. आपल्या सोलापूरच्या दाते पंचांगातलं दाते. नातं काहीच नाही, निव्वळ योगायोग आहे. पण नाव एकदा ऐकलं की मराठी माणूस विसरत नाही.

किमिकोचा जन्म २८ सप्टेंबर १९७० चा, क्योटोचा. ती मुळात डावखुरी. पण लहानपणी उजव्या हाताने सगळं करायची सवय लावण्यात आली (हे आपल्याकडच्या डावखुऱ्यांना वेगळं सांगायला नको) आणि टेनिसही ती उजव्या हातानेच खेळली. शाळा संपली आणि १९८९ मध्ये ती व्यावसायिक खेळाडू झाली.

तिच्या खेळाची एक खासियत होती. टप्पा पडल्यावर चेंडू वर उसळतो आणि मग खाली यायला लागतो. बहुतेक खेळाडू तो पूर्ण उसळेपर्यंत थांबतात. दाते थांबायची नाही. चेंडू वर येत असतानाच ती तो मारायची, तोही फारसा फिरकी न देता, सपाट. समोरच्याला तयारीला वेळच मिळायचा नाही. शिवाय समोरून आलेला वेग तसाच परत पाठवता येत असल्याने स्वतःला दांडगी ताकद लागत नाही. धोका एवढाच की टायमिंग जरा चुकलं की चेंडू थेट नेटमध्ये. तिची ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९९२, ९३ आणि ९४ अशी सलग तीन वर्षं तिने जपान ओपन जिंकली. १९९४ मध्ये सिडनीचं विजेतेपद मिळालं, पाठोपाठ ऑस्ट्रेलियन ओपनची सेमीफायनल गाठली आणि ती जागतिक क्रमवारीत पहिल्या दहात आली. जपानच्या कुठल्याच महिलेला त्याआधी हे जमलं नव्हतं. १९९५ मध्ये फ्रेंच ओपनची सेमीफायनल झाली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये ती जगात चौथ्या क्रमांकावर पोहोचली. वीस वर्षांनी केई निशिकोरी पुरुषांमध्ये जपानसाठी जिथवर गेला, तोही चौथाच क्रमांक.

मग आलं १९९६.

एप्रिलमध्ये टोकियोत फेड कपची जपान विरुद्ध जर्मनी लढत होती. फेड कप म्हणजे देशादेशांमधली महिलांची सांघिक स्पर्धा, आताचं नाव बिली जीन किंग कप. समोर स्टेफी ग्राफ. दातेने तिला ७-६, ३-६, १२-१० असं हरवलं. तेव्हा शेवटच्या सेटला टायब्रेक नव्हता, दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहायचं. ग्राफवरचा तिचा आयुष्यातला हा एकमेव विजय. जपानने ती लढत ३-२ ने जिंकली.

जुलैमध्ये विम्बल्डनच्या सेमीफायनलला पुन्हा ग्राफच समोर. पहिला सेट ग्राफने ६-२ घेतला. दुसऱ्या सेटमध्ये ०-२ अशी मागे पडलेल्या दातेने सलग सहा गेम जिंकले. सामना तिच्या बाजूला झुकला होता आणि तेवढ्यात अंधारामुळे खेळ थांबवला. दुसऱ्या दिवशी ताजीतवानी होऊन आलेल्या ग्राफने तिसरा सेट ६-३ ने काढला.

तुम्ही इन्स्टावर एक रील नक्की पाहिलं असेल. प्रेक्षकांतून एकजण ओरडून स्टेफीला लग्नाची मागणी घालतो आणि ती सर्व्हिस करता करता त्याला विचारते की तुझ्याकडे पैसे किती आहेत. सगळं सेंटर कोर्ट हसतं. ते रील याच सामन्यातलं आहे. नेटपलीकडे उभी असलेली खेळाडू कोण, हे सहसा कुणी विचारत नाही.

त्या सेमीफायनलनंतर काही महिन्यांतच दातेने निवृत्ती घेतली. तेव्हा ती २६ वर्षांची होती आणि क्रमवारीत पहिल्या दहात होती. मोठी दुखापत नव्हती की फॉर्म गेला नव्हता. ती थकली होती. वर्षभर परदेश, हॉटेलं, विमानं आणि मायदेशात पाऊल ठेवलं की कॅमेरे. जपानमध्ये तिच्यावर इतकं लक्ष होतं की टेनिस नकोसं झालं. आज नाओमी ओसाका मानसिक थकव्याबद्दल उघड बोलते आणि जग ऐकतं. १९९६ मध्ये त्यासाठी धड शब्दही नव्हते, म्हणून दाते नुसती निघून गेली.

२००१ मध्ये तिने जर्मन रेसिंग ड्रायव्हर मायकेल क्रुमशी लग्न केलं. २००४ मध्ये लंडन मॅरेथॉन साडेतीन तासांच्या आत पळाली. टेनिस मात्र जवळपास बंदच.

मार्च २००८ मध्ये टोकियोत एक प्रदर्शनी सामना ठरला. ग्राफ आणि मार्टिना नवरातिलोव्हा येणार होत्या. त्यासाठी दातेने पुन्हा सराव सुरू केला आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला अजून मजा येतेय. पुढच्याच महिन्यात, ३७ व्या वर्षी, तिने पुनरागमन जाहीर केलं.

इथे क्रमवारी कशी चालते ते समजून घ्यायला हवं, नाहीतर तिने काय केलं ते कळणार नाही. टेनिसच्या क्रमवारीत फक्त मागच्या ५२ आठवड्यांचे गुण धरतात. तुम्ही एकेकाळी जगात चौथ्या असाल, पण वर्षभर खेळला नाहीत तर तुमच्या खात्यात शून्य. मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश क्रमवारीवर मिळतो, त्यामुळे शून्यवाल्याला छोट्या स्पर्धांपासून सुरुवात करावी लागते. तिथेही आधी पात्रता फेरी, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्यासाठीचे वेगळे सामने. आयोजकांच्या मर्जीने मिळणारा वाइल्ड कार्ड हा शॉर्टकट असतो, पण तो रोज मिळत नाही.

दाते पात्रता फेरीत उतरली. गिफू या शहरातल्या पहिल्याच स्पर्धेत तिने एकेरीची फायनल गाठली आणि कुरुमी नारा या किशोरवयीन मुलीला जोडीला घेऊन दुहेरी जिंकली. वर्षाअखेरीस जपानची राष्ट्रीय स्पर्धाही तिचीच, एकेरी आणि दुहेरी दोन्ही.

सप्टेंबर २००९ मध्ये सोलला तिने डब्ल्यूटीए विजेतेपद मिळवलं. दुसऱ्या दिवशी तिचा ३९ वा वाढदिवस होता. त्याआधी तिच्याहून मोठ्या वयात असं विजेतेपद एकट्या बिली जीन किंगने मिळवलं होतं. दातेचं हे आठवं आणि शेवटचं एकेरी विजेतेपद. सातवं १९९६ चं होतं. मध्ये तेरा वर्षांची पोकळी.

पुढच्या वर्षी फ्रेंच ओपनमध्ये तिने माजी अव्वल खेळाडू दिनारा सफिनाला घरी पाठवलं. चाळिशी पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी टोकियोत मारिया शारापोव्हाला हरवलं. २०११ च्या विम्बल्डनमध्ये व्हीनस विल्यम्सने तिला तिसऱ्या सेटमध्ये ८-६ असं कसंबसं रोखलं. मला विचाराल तर तिच्या दुसऱ्या डावातला सगळ्यात भारी सामना हाच, हरलेला असला तरी.

आता ती सवय आठवा. चाळिशीत पाय मंदावतात, ताकद कमी होते. पण जी खेळाडू मुळात ताकदीवर खेळतच नव्हती, लवकर चेंडू घेऊन समोरच्याचाच वेग वापरत होती, तिचं नुकसान इतरांपेक्षा कमी झालं. शिवाय ताकदीने फिरकी मारायला शिकलेल्या नव्या मुलींना असा सपाट चेंडू रोज बघायला मिळत नव्हता.

पुणे येतं ते इथे. २०१२ मध्ये डब्ल्यूटीएने मुख्य टूरच्या खालच्या पायरीवर '१२५ के' नावाची मालिका सुरू केली. पहिल्या वर्षी तिच्या दोनच स्पर्धा झाल्या, एक तैपेईत आणि दुसरी बालेवाडीत. विम्बल्डनची सेमीफायनल खेळलेली बाई गुण गोळा करायला पुण्यात आली आणि फायनलपर्यंत गेली. कुहीहून बालेवाडी सातशे किलोमीटरच्या वर आहे आणि आमच्याकडे टेनिस म्हटलं की अजूनही टेनिस बॉल क्रिकेटच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे तेव्हा आम्हाला याचा पत्ताही नव्हता.

दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिने बारावी मानांकित नादिया पेट्रोवाला ६-२, ६-० असं उडवलं. त्याच वर्षी विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत ती सेरेना विल्यम्सकडून हरली. २०१४ मध्ये यूएस ओपनच्या दुहेरीची सेमीफायनलही खेळली. त्यानंतर गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाल्या. २०१७ मध्ये ती परतली, पण शरीराने साथ सोडली होती. १२ सप्टेंबर २०१७ रोजी टोकियोत तिचा शेवटचा सामना झाला. अलेक्सांद्रा क्रुनिचने तिला ६-०, ६-० ने हरवलं. एकही गेम मिळाला नाही.

नंतर ती वासेदा विद्यापीठात शिकायला गेली आणि टेनिस कोर्टच्या पृष्ठभागावर अभ्यास केला. जपानमध्ये वाळू पसरलेल्या कृत्रिम गवताची कोर्टं खूप आहेत. पाऊस थांबला की लगेच खेळता येतं, गुडघ्यांना बरी, हौशी लोकांना सोयीची. पण तिथे चेंडू उसळत नाही, पाय घसरतात आणि व्यावसायिक टूरवर असं कोर्ट नसतंच. तिचं म्हणणं असं की पोरं ज्यावर शिकतात त्यावर पुढे कधी खेळतच नाहीत, म्हणून हार्ड कोर्ट वाढवा. सोबत २०१९ पासून ती योनेक्स कंपनीबरोबर ज्युनियर मुलींना तयार करते आहे.