‘रामदास’ : स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील शोक

सन 1947 म्हटले, की स्वातंत्र्याची पहाट आठवते. तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील त्या पिढीला मात्र त्याच वर्षाची आणखी एक सकाळ कधीच विसरता आली नाही. गुरुवार, दि. 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोटीला जलसमाधी मिळाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. 15 ऑगस्टला तेव्हा अवघे 29 दिवस उरले होते.

त्या काळी मुंबईहून अलिबागकडे येणारा रस्ता लांबचा व गैरसोयीचा होता. गिरणीत राबणारा कामगार असो, मासळी विकून परतणारी कोळीण असो की मालाची खरेदी करून येणारा व्यापारी असो, सर्वांचा आधार भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी बोटच. ‘रामदास’ ज्या स्वदेशी कंपनीची होती, तिला लोक आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. तिच्या ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी 11 नोव्हेंबर 1927 रोजी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. तरीही लोकांचा विश्वास ढळला नव्हता. आणि दुसरा मार्ग तरी कोठे होता?

आषाढी अमावास्येचा सण तोंडावर असल्याने बोटीत मोठी गर्दी होती. सकाळी आठच्या सुमारास तिने रेवसच्या दिशेने भाऊचा धक्का सोडला. वाटेत पावसाने व वाऱ्याने जोर धरला. लाटांचे पाणी आत येऊ लागताच भयभीत प्रवासी एका बाजूस धावले आणि बोट कलली. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेचा तडाखा बसून ती उलटली व पाहता पाहता तळाशी गेली. निघून जेमतेम अर्धा-पाऊण तास झाला होता.

बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे इतकी माणसे मृत्यूशी झुंजत असताना मुंबई शहर मात्र नित्याच्या व्यवहारात मग्न होते. पोहत व तरंगत गेटवे ऑफ इंडियापर्यंत पोहोचलेल्या एका लहान मुलामुळे दुपारनंतर तेथे वार्ता कळली, असे सांगतात. परंतु मदत त्याआधीच पोहोचली होती. मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळी बांधवांनी बुडणारी माणसे पाहिली आणि पकडलेली मासळी समुद्रात लोटून होड्या रिकाम्या केल्या, ही आठवण किनाऱ्यावर आजही आदराने सांगितली जाते. त्या दिवसाची सारी कमाई त्यांनी क्षणात सोडली. खवळलेल्या दर्यात स्वतःचा जीव धोक्यात घालून त्यांनी अनेकांना वाचविले. हे अभयदान कोणी आदेश दिला म्हणून घडले नव्हते.

त्यानंतरचा काळ अधिक कठीण होता. ज्यांचे देह किनाऱ्याला लागले, त्यांच्या घरी निदान अंत्यसंस्कार तरी झाले. ज्यांचे काहीच हाती आले नाही, त्यांच्या घरी आशा आणि शोक एकाच उंबऱ्यावर बसून राहिले. बोटीत विनातिकीट प्रवासीही असल्याने एकूण किती जण होते, याचे आकडे आजही निरनिराळे सांगितले जातात. दुसऱ्याच दिवशी, 18 जुलै रोजी, लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यास राजसंमती मिळाली. पुढे फाळणीच्या वार्ता आल्या, नंतर ध्वजवंदनाचा दिवस उगवला. राष्ट्राच्या त्या प्रचंड घडामोडीत कुलाब्याचे दुःख हळूहळू घराघरांत मिटून गेले. चौकात तिरंगा फडकत असताना त्याच गावातील काही घरांवर सुतकाची छाया होती. स्वातंत्र्याचा आनंद खरा होता आणि हा शोकही तितकाच खरा होता.

आज गेटवे–मांडवा प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात आणि 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास रो-रो बोट येते. नव्या पिढीला ही वाट सुखाची वाटते, हे योग्यच आहे. मात्र ‘रामदास’मधून वाचलेले व त्यांना वाचविणारे आता फारसे उरलेले नाहीत. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी ज्या घरांत आजही सांगितल्या जातात, त्या घरांनी त्या वेळीच लिहून ठेवाव्यात. गेलेल्यांची नावे लिहावीत आणि त्यांच्यासाठी होडी रिकामी करणाऱ्यांचीही. पूर्वजांचे ऋण मानणाऱ्या समाजाला एवढे कर्तव्य निश्चितच जड नाही.