प्लेग, बंदर आणि चाळ : मुंबई १८९६ आणि त्यानंतर



साथीचा इतिहास वाचताना किती माणसे आजारी पडली आणि किती दगावली, हे आपण आधी पाहतो. या पाठात वेगळा प्रश्न घेऊ : साथ आल्यावर कोणाची ये-जा थांबवायची आणि कोणाची चालू ठेवायची, हे कशावरून ठरते? उदाहरण आहे १८९६ साली मुंबईत आलेल्या प्लेगचे. तुम्ही देशाच्या कोणत्याही भागात शिकत असलात तरी हा विषय तुमचाच आहे. कारण त्या साथीत झालेला कायदा कोविडच्या काळातही वापरला गेला.

साथ कशी आली?

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगची मोठी साथ होती. अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू तिथेच ओळखला. मुंबईचा हाँगकाँगशी जहाजांचा नियमित संबंध होता, आणि साथ त्याच मार्गाने आली असे बहुतेक अभ्यासक मानतात. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी मांडवी भागात पहिले रुग्ण ओळखले. मांडवी गोदीला लागून होती. तिथे धान्याची वखारी होती आणि दाटीने राहणारी माणसेही होती.

बंदराची भीती

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई युरोपच्या बरीच जवळ आली. माल लवकर पोहोचू लागला, तशी रोगाची भीतीही. युरोपातील राष्ट्रे १८५१ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदा भरवत होती. जहाजे दिवसेंदिवस अडकून पडली की व्यापार बुडतो, म्हणून ब्रिटन कडक विलगीकरणाला विरोध करत असे.

फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगसाठी व्हेनिसला खास परिषद भरली. भारतीय मालाला युरोपची बंदरे बंद होतील, अशी धास्ती होती. मुंबईहून हजला जाणारी जहाजेही त्या वर्षी थांबवावी लागली. काहीतरी ठोस करून दाखवणे सरकारला भाग होते. त्याच महिन्यात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा मंजूर झाला. या दोन घटनांची जवळीक लक्षात ठेवा.

कायदा अवघ्या चार कलमांचा होता. प्रवाशांची तपासणी करण्याचा, संशयितांना अलग ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. नियम मोडणाऱ्यास शिक्षा होती, तर सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा करता येत नव्हता. अलग ठेवलेल्या मजुराच्या बुडालेल्या रोजाचे काय, याबद्दल मात्र एक शब्दही नव्हता.

कायदा कोणाच्या दारात?

बंगल्यात राहणाऱ्याला शहराबाहेर जाता येत होते, घरी डॉक्टर बोलावता येत होता. चाळीतील माणसाच्या घराची झडती झाली, सामान जाळले गेले, आजारी माणूस सक्तीने इस्पितळात नेला गेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग इस्पितळावर हल्ला केला. नेलेला माणूस परत येत नाही, अशी त्यांची समजूत होती आणि मृत्यूचे प्रमाण पाहता ती निराधार नव्हती.

पुण्यात मार्च ते मे १८९७ दरम्यान रँड यांच्या देखरेखीखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या. २२ जून रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी वारल्या. सक्ती आणि सेवा, साथीला तोंड देण्याचे हे दोन मार्ग एकाच शहरात, एकाच महिन्यात दिसतात.

कामगारांनी तिसरा मार्ग धरला : ते गावी निघून गेले. गिरण्यांना माणसे मिळेनाशी झाली आणि मागे राहिलेल्यांना रोजच्या रोज, वाढीव मजुरी द्यावी लागली. कामगार नसतील तर व्यापारही नाही, हे मालकांना तेव्हा कळले.

शोध चुकीच्या जागी

प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. ते सर्वमान्य व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. दरम्यान तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला रांगेत उभे करून तपासले जात होते, आणि उंदीर धान्याच्या पोत्यांबरोबर गावोगावी जात होते. या साथीत पुढील दोन-अडीच दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली.

साथीनंतर काय उरले?

१८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते झाले, हवा खेळू लागली, पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. पण सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जेवढ्या खोल्या पाडल्या तेवढ्या गरिबांसाठी बांधल्या नाहीत. विस्थापित माणसे शेजारच्या, आधीच गच्च भरलेल्या चाळींत शिरली. रोगाचे कारण म्हणून जी दाटी दाखवली गेली, ती केवळ जागा बदलून राहिली.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९०७ च्या करारातून पॅरिसला आरोग्य कार्यालय निघाले आणि १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांच्या उद्देशात आजही दोन गोष्टी एकत्र आहेत : रोगाचा प्रसार रोखणे, आणि वाहतूक व व्यापारात अनावश्यक अडथळा न आणणे. व्हेनिसचा पेच इथेही आहे.

व्यापार चालू ठेवणे मुळात चूक नाही. धान्य आणि औषधेही व्यापारातूनच येतात. प्रश्न आहे तो किंमत कोण मोजतो याचा. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या चालू राहिल्या आणि मजूर पायी गावाकडे निघाले. तेव्हा वापरलेल्या कायद्यांत १८९७ चा कायदाही होता. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी. ती आवश्यकच होती, पण रोजाचा प्रश्न तसाच राहिला.

विचार करा : तुम्हाला या कायद्यात पाचवे कलम घालायचे असेल, तर ते कोणासाठी असेल आणि त्याचा खर्च कोणी उचलावा? उत्तर लिहिताना मांडवीची वखार आणि तिच्यामागची चाळ, दोन्ही डोळ्यांसमोर ठेवा.