टर्बो-हायड्रामॅटिक

टर्बो-हायड्रामॅटिक ही जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने विकसित केलेल्या स्वयंचलित गिअरबॉक्सची मालिका आहे. तिच्यातील ४०० हा प्रकार १९६४ च्या, तर ३५० हा प्रकार १९६९ च्या मॉडेलवर्षापासून वापरात आला. दोन्हींत पुढे जाण्याचे तीन गिअर असतात. जुन्या मोटारीत नवे इंजिन बसवताना हाच गिअरबॉक्स कायम ठेवता येतो का, हे त्याच्या वयापेक्षा टॉर्क पेलण्याची क्षमता, इंजिनाशी होणारी जोडणी आणि तेलदाबाचे नियंत्रण यांवर अवलंबून असते.

कार्यपद्धती

या गिअरबॉक्समध्ये गिअर तेलाच्या दाबाने बदलतात. वाहनाच्या वेगाची सूचना गव्हर्नर देतो. इंजिनावरील भार मॉड्युलेटर हा भाग इनटेक मॅनिफोल्डमधील निर्वातावरून ओळखतो. भार वाढला की निर्वात घटतो, तेलदाब वाढतो आणि क्लच अधिक घट्ट आवळले जातात. गिअर बदलण्यासाठी संगणक लागत नसल्यामुळे हा गिअरबॉक्स नव्या इंजिनाबरोबरही स्वतंत्रपणे चालू शकतो.

जोडणी

बेल हाउसिंग हा गिअरबॉक्सच्या मुख्य आवरणाचाच भाग असल्याने तो वेगळा बदलता येत नाही. शेवरोले इंजिनांची बोल्टरचना ब्यूइक, ओल्ड्समोबिल व पाँटिॲक यांच्या रचनेहून वेगळी आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस१ इंजिनाची बहुतेक छिद्रे जुन्या शेवरोले रचनेशी जुळतात. मात्र त्याच्या क्रँकशाफ्टचे मागील टोक सुमारे १० मिमी आत असते. हे अंतर योग्य स्पेसरने भरून काढावे लागते. बेल हाउसिंगचे बोल्ट आवळल्यावर टॉर्क कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत ३ ते ५ मिमी पुढे सरकला पाहिजे. तो अडकलेला असताना बोल्ट जबरदस्तीने आवळल्यास तेलपंप फुटतो.

क्षमता

एलएस१ इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे ४७५ न्यूटन-मीटर होता. मोठ्या इंजिनांसाठी बनवलेला ४०० हा प्रकार अधिक मजबूत, पण वजनदार आहे. ३५० हा तुलनेने हलका असून अधिक टॉर्कसाठी त्याची अंतर्गत मजबुती वाढवावी लागते. झिजलेले क्लच वाढीव टॉर्कखाली घसरतात. त्या घर्षणाने तेल तापते आणि झीज वाढत जाते. तेल काळसर झाले असेल वा त्याला जळका वास येत असेल, तर इंजिन बदलण्यापूर्वीच गिअरबॉक्स उघडून तपासणे आवश्यक ठरते.

तेलदाबाचे नियंत्रण

डिझेल इंजिनात हवा रोखणारे थ्रॉटल सहसा नसल्याने मॉड्युलेटरला लागणारा निर्वात मिळत नाही. त्यासाठी निर्वात पंप व भारानुसार निर्वात बदलणारी झडप जोडावी लागते. १९८२ मध्ये आलेल्या ७००आर४ या चार गिअरच्या प्रकारात मॉड्युलेटरऐवजी थ्रॉटलला जोडलेली केबल दाब ठरवते. नव्या इंजिनावर ही केबल चुकीची बसल्यास दाब अपुरा राहतो आणि सुस्थितीतील क्लचही अल्पावधीत जळतात.